पावण्यासाठी कोकरू

"लांडगा कोण होणार?" निगडीकर बाईंनी विचारलं आणि अख्ख्या पाचवीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं.

मी हात वर केला नव्हता. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. पण मी रंगानं काळी, केस तेलावाचून पिंजारलेले आणि खांद्यावर आबाची, माझ्या बापाची, काळी घोंगडी.

"बघा, सोंग आयतंच आहे," बाई हसून म्हणाल्या.

"कोकरे झाली लांडगा!" पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. माझं आडनाव कोकरे. मायाक्का म्हाकू कोकरे, हिवरकोंडीच्या माळावरच्या धनगराची पोर. तीस वर्षं झाली, पण ते हसणं आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट मी शांतपणे सांगणार नाही. ज्यांना गोडगोड गोष्ट हवी असेल त्यांनी निगडीकर बाईंची ऐकावी.

ती अशी होती. एक लांडगा खड्ड्यात पडतो. एक कोकरू त्याला बघतं, त्याला दया येते, ते आरडाओरडा करून माणसं जमवतं. माणसं लांडग्याला वर काढतात (काठीनं डोकं फोडायचं सोडून वर काढतात म्हणे!) आणि मग लांडगा कोकराच्या गळ्यात गळा घालून रडतो. म्हणतो, आजपासून मी मांस खाणार नाही. पडदा.

बाई शहरातून आलेल्या, नोकरीचं पहिलंच वर्ष. नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं, शाळेच्या संमेलनासाठी. जिल्ह्याहून मोठे साहेब यायचे होते.

मी विचारलं, "बाई, मग लांडगा खायचा काय?"

"गवत."

"गवतानं त्याचं पोट कसं भरंल?"

"मायाक्का, ही गोष्ट आहे. गोष्टीत साप आणि मुंगूस मित्र होतात. मांजर आणि उंदीर एका ताटात जेवतात. गोष्टीत सगळं चालतं."

"पण बाई, कोकराला इचारलं का कुणी, चालतंय का म्हणून?"

वर्ग पुन्हा हसला, पण या खेपेला बाईंना हसला. मग काय, हात पुढं. पट्टी. दोन इकडं, दोन तिकडं. माझं काय चुकलं होतं हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

हात चोळत खाली बसले तोच बाईंना नवी कल्पना सुचली. "अगं, तुमच्याकडं मेंढरं आहेत ना? आपण खरंखुरं कोकरू आणलं तर? साहेबांना किती आवडेल!"

आमच्याकडं मेंढरं होती, आणि त्यात बाशिंग्या होता. साडेचार-पाच महिन्यांचं कोकरू. सगळं अंग काळं आणि कपाळावर पांढरा पट्टा, नवरदेवानं बाशिंग बांधावं तसा. त्याची आई तो आठ दिवसांचा असताना गेली होती. शेळीचं दूध बाटलीत घालून मी त्याला वाढवला होता. बाटलीला चोखणी नव्हती, चिंधी लावून पाजायचे. त्याला दोरी कधी लागली नाही. मी चालले की तो मागं चालायचा, मी थांबले की माझ्या पोटरीला डोकं घासायचा.

त्याच्या आईला पावण्यानं नेली होती.

हा शब्द नीट ऐकून ठेवा. आमच्या घरात लांडग्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो येतो. म्हणून त्याला पावणा म्हणायचं. "रातीला पावणा येऊन गेला." "पावणा वड्याच्या अंगाला बसलाय." माझ्या आज्यापणज्यापासून असंच. शाळेतल्या पोरांना पाहुणा म्हटलं की मामा-मावशी आठवायची, मला वाघुरीबाहेर चमकणारे दोन डोळे आठवायचे. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं.

बाशिंग्याची आई गेली त्या सकाळी मी पावण्याला भरपूर शिव्या घातल्या होत्या. आबा म्हणाला होता, "शिव्या नगं दिऊस. त्येला भूक लागली, त्येनं नेलं. त्येचं पोट तसं केलंय देवानं. आपून राखायचं, त्येनं न्यायचं. त्यात लबाडी न्हाई."

तर त्या दिवशी दिवस कलताना मी माळावर पोचले आणि आबाला म्हणाले, "आबा, शाळंत मी पावणा झालीया."

आबा आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "त्येचं सोंग घिऊ ने, पोरी."

"बाईंनी केलंय. आन् कोकरूबी पायजे. खरं."

आय खाटेवर होती. दिवाळीच्या तोंडावर दगडावरून घसरून तिचा पाय मोडला होता, म्हणूनच त्या वर्षी आम्ही मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलो नव्हतो आणि म्हणूनच मला सलग शाळा घडत होती. आय तिथूनच म्हणाली, "जाऊ द्या की. पोर कधी न्हाई ती शाळंत चार मान्सांत हुबी ऱ्हाणार. न्हिऊ दे बाशिंग्याला."

आबानं खुंटीवरची पिशवी काढली. त्यात बिरोबाचा भंडारा होता. पिवळीजर्द चिमूट माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "उचल भंडारा. काय म्हंतीस ते बिरुबाला सांग."

मी भंडारा उचलला. म्हणाले, "संमेलनादिवशी बाशिंग्याला दिवस मावळायच्या आत वाघुरीत परत आणीन."

आमच्यात भंडारा उचलला की विषय संपला. कोर्टातली शपथ मोडली तर माणूस खोटा ठरतो, भंडाऱ्याची मोडली तर घर खोटं ठरतं. अकरा वर्षांच्या पोरीनं ते ओझं उचललं आणि तिला ते ओझं वाटलंही नाही, कारण त्यात अवघड काय होतं? न्यायचं, नाटक करायचं, आणायचं.

संमेलनाला दोन दिवस असताना शिराळकर हेडमास्तर वर्गात आले. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं मधाळ. "कोकरे, उभी राहा. घरी निरोप सांगायचा. कोकरू पाहुण्यांसाठी पाहिजे. चांगलं भरलेलं बघून आण, मरतुकडं नको. वडील देतो म्हणाले तर उद्या मला सांग."

मी म्हटलं, "व्हय गुरुजी."

मला त्यात वावगं काय दिसणार? पाहुण्यांसाठी. म्हणजे पावण्यासाठी. म्हणजे माझ्यासाठीच की! मला तर मनातून बरं वाटलं, की हेडमास्तरांनाही आमचा शब्द ठाऊक आहे. मान ठेवून "पाहुण्यांसाठी" म्हणतायत. मूर्ख कुठली!

घरी गेल्यावर निरोप जसाच्या तसा सांगितला. "हेडगुरुजी म्हनत्यात, कोकरू पावण्यासाठी पायजे. भरल्यालं आण म्हनत्यात."

आबा वाघुरीची गाठ मारत होता. मान वर न करता म्हणाला, "मग आनिक कशासाठी? ठावं हाय की. देतो म्हणून सांग. खुशीनं देतो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांच्या खोलीच्या दारात उभी राहून छाती फुगवून सांगितलं, "गुरुजी, आबा म्हणाले, खुशीनं देतो."

"वा, वा! माणूस गरीब पण मनानं मोठा," हेडमास्तर म्हणाले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला सगळी गरीब माणसं मनानं मोठीच वाटतात.

संमेलनाच्या दिवशी सकाळी मी बाशिंग्याला ओढ्यावर धुतला. गळ्यात लाल लोकरीचा गोंडा बांधला. तो आयनं खाटेवर पडल्या पडल्या वळला होता. शाळेपर्यंत तो माझ्या मागं चालत आला, वाटेत बाभळीच्या शेंगा खात. शाळेच्या अंगणात मांडव, खुर्च्या, सतरंज्या, भोंगा. पहिल्या रांगेत साहेब. गोल चेहरा, गळ्यात हार, बरोबर दोघंतिघं.

दहा वाजता नाटक लागलं. घोंगडी डोक्यावरून घेऊन मी खड्ड्यात पडले, म्हणजे दोन बाकांच्या मधे. बाशिंग्यानं आरडाओरडा करायचा होता. तो बिचारा मी दिसेना म्हणून खरंच ओरडायला लागला. "बें, बें" करत बाकांभोवती फिरला, खाली वाकला आणि माझं तोंड चाटायला लागला. सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. मग मी वर आले, त्याच्या गळ्यात गळा घातला आणि बाईंनी शिकवलेलं वाक्य म्हणाले: "मित्रा, आजपासून तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही!"

साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग साहेब उठून माईकवर गेले आणि अर्धा तास बोलले. लांडगा आणि कोकरू वैर विसरू शकतात, मग माणसांनी का विसरू नये? मोठा-लहान, सबळ-दुबळा, सगळ्यांनी एका पंगतीला बसलं पाहिजे. मागं कनातीजवळ उभा राहून आबा ऐकत होता. त्यानं पटका नवा बांधला होता. बोललेलं सगळं कळलं नसणार, पण त्याची मान डोलत होती.

तेवढ्यात हेडमास्तरांनी बाईंना खूण केली. बाई माझ्याजवळ आल्या. "मायाक्का, कोकरू शिदू शिपायाकडं दे. पाणी पाजेल तो. तू आता पोरींच्यात जाऊन बस, बक्षीस दुपारी आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. घोंगडीच्या काठाकडं बघत बोलल्या. आता मी ओळखते तसलं बोलणं. तेव्हा ओळखता येत नव्हतं.

बाशिंग्या शिदूबरोबर जाईना. दोरी कधी गळ्यात पडली नव्हती ना! मीच त्याला शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडपर्यंत सोडायला गेले. मीच. तिथं शिदूनं त्याला खुंटीला बांधला आणि मी त्याला म्हणाले, "हितंच ऱ्हा, आलेच."

दीडच्या सुमाराला सातवीच्या वर्गात पाहुण्यांची पंगत बसली. आम्हा पोरांना अंगणात भात आणि आमटी होती. वाऱ्याबरोबर मटणाचा वास आला आणि शेजारची पोरगी म्हणाली, "साहेबांची मज्जा हाय बाबा." माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोलू? सुटलं.

हात धुवून मी बाशिंग्याला बघायला शेडमागं गेले. खुंटी होती, दोरी होती. चुलीवर मोठं पातेलं होतं, जवळजवळ रिकामं. शिदू पाय पसरून बिडी ओढत बसला होता.

"शिदूमामा, माझं कोकरू?"

त्यानं बिडी विझवली. मी भिंतीच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं गोणपाटावर मिठात लडबडलेलं कातडं वाळत टाकलं होतं. काळं. त्याच्या एका टोकाला पांढरा पट्टा. लाल गोंडा बाजूला, राखेत.

मी ओरडले नाही. लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकते. माझी सरकली नाही. उलट घट्ट झाली. मी गोंडा उचलला, झटकला आणि मुठीत धरला.

त्याच वेळी भोंगा बोलायला लागला. "उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस, कुमारी मायाक्का म्हाकू कोकरे!"

मी गेले. घोंगडी तशीच अंगावर होती. साहेब दात कोरत उभे होते. दुसऱ्या हातात रंगीत गोष्टीचं पुस्तक. मला पुस्तक देता देता त्यांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला.

"बाळ, फार सुंदर काम केलंस. सांग बघू सगळ्यांना, या नाटकातून तू काय शिकलीस?"

मी मांडवाकडं बघितलं. मागं आबा होता, पटका सावरत, हसत. मी माईकमधे म्हणाले, "आमच्यात लांडग्याचं नाव घेत न्हाईत. त्येला पावणा म्हनत्यात."

मग साहेबच मोठ्यानं हसले. "अरे वा! म्हणजे शत्रूलासुद्धा पाहुणा! बघा, केवढी मोठी संस्कृती आहे आपली!" आणि टाळ्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत टाळ्या! मी त्यांच्या तोंडावर थुंकले होते आणि ते टाळ्या वाजवत होते.

एकाच माणसानं टाळी वाजवली नाही. आबाचं हसू गेलं होतं. त्याची नजर माझ्या मुठीवर होती. मुठीतून लाल लोकर बाहेर लोंबत होती.

मी पुस्तक साहेबांच्या पायाजवळ ठेवलं आणि खाली उतरले.

आबा हेडमास्तरांच्या खोलीत गेला तेव्हा मी त्याच्या मागं होते. बाईही तिथंच होत्या. आबा पायताण बाहेर काढून आत गेला. अशा वेळीही पायताण काढलं, याचा मला आबाचा राग आला. अजून येतो.

"गुरुजी, माजं कोकरू?"

हेडमास्तर गोंधळले. "म्हणजे काय, म्हाकू? तूच तर खुशीनं देतो म्हणालास. तुझ्याच पोरीनं निरोप आणला. विचार तिला. कोकरू पाहुण्यांसाठी पाहिजे, असं स्पष्ट सांगितलं होतं मी."

आबानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. निरोपात एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं.

आबानं पटका सारखा केला. मग म्हणाला, "व्हय. निरोप बराबर हुता. आमचंच कान चुकलं."

"बाई," मी ओरडले, "तुमाला ठावं हुतं का?"

निगडीकर बाई रडत होत्या. "मला सकाळीच कळलं गं. नाटकाच्या आधी. मी काय बोलणार? माझी नोकरी नवी आहे. आणि मी तर खातसुद्धा नाही! मी शिवलेसुद्धा नाही त्याला!"

म्हणजे "तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही" हे वाक्य माझ्या तोंडून निघत होतं तेव्हा ते लिहिणारी बाई पडद्याआड उभी होती, आणि शेडमागं चूल पेटली आहे हे तिला माहीत होतं. मी स्वतः आज शिक्षिका आहे. साहेब आले की नजर कशी खाली जाते ते मला कळतं. कळतं, पण राग जात नाही. न खाणाऱ्याचा राग खाणाऱ्यापेक्षा जास्त येतो मला. खाणाऱ्याला निदान भूक तरी होती.

"बाई," आबा शांतपणे म्हणाला, "आमचा पावणा खातो. लई खाल्ली त्येनं आमची. पर खायच्या आदी गळ्यात गळा न्हाई घालत."

मग तो बाहेर आला, पायताण घातलं आणि माझी घोंगडी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

माळाची चढण लागली. मग मी म्हणाले, "आबा, मी भंडारा उचलला हुता."

आबा थांबला. कनवटीला पुडी होती, ती सोडली आणि माझ्या कपाळाला भंडारा फासला, इतका जोरात की कपाळ दुखलं. "तू न्हाई मोडलीस. ज्येनं मोडली त्येचं बिरुबा बघंल." पण त्याचा आवाज ऐकून मला कळलं, की बिरोबा बघेल यावर त्या दिवशी आबाचा विश्वास नव्हता.

दिवस मावळायच्या आत आम्ही पोचलो. तेवढी शपथ पुरी झाली. आय खाटेवरून मान उंच करून वाटेकडंच बघत होती.

"बाशिंग्या कुटं हाय?"

"पावण्यानं नेला," आबा म्हणाला.

"भरदिवसा?"

"भरदिवसा. टाळ्या वाजवून."

आयनं माझ्या हातातला गोंडा बघितला. आबानं घोंगडी खुंटीला अडकवली, वाघुरीजवळ जाऊन उभा राहिला आणि ओढ्याच्या अंगाला तोंड करून म्हणाला, "आजपासनं त्येला लांडगाच म्हणा. बापजाद्यानं दुसऱ्याचं नाव त्येच्यावर टाकलं हुतं. त्येनं काय वंगाळ केलं म्हणून ही शिवी त्येला?"

तेव्हापासून आमच्या घरात लांडग्याला लांडगा म्हणतात. नाव घेतलं म्हणून तो कधी जास्त आला नाही. आला, नेलं, गेला. पण कुणी पांढऱ्या कपड्यातलं माळ चढून येताना दिसलं आणि लांबूनच "अहो म्हाकू, पाहुणे आलोत!" अशी हाक आली, की आय लंगडत उठायची आणि आधी वाघुरीची गाठ घट्ट करायची. चहाचं आधण ती त्यानंतर ठेवायची.